रजा, वेळ आणि ताट : कामगारांचे वार सांभाळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात तुम्ही नुकत्याच रुजू झालात. तीनशेच्या आसपास कामगार, साप्ताहिक सुट्टी शनिवारी, बाकी सहा दिवस तीन शिफ्ट. मुस्लिम कामगार शुक्रवारी दुपारी वेळ मागतात, ख्रिस्ती कामगारांना रविवार हवाय, हिंदूंमध्ये कुणी सोमवार म्हणतं तर कुणी गुरुवार, आणि सुपरवायझरचं म्हणणं असं की एकाला दिलं की उद्या सगळे रांग लावतील. कोणत्या धर्माचा कोणता वार, याचा एक तक्ता मिळाला तर त्यावरून शिफ्ट लावता येतील का, असं तुम्ही विचारलंय.

माहिती सगळी देते, पण तक्त्यावरून शिफ्ट लावू नका. सातपूरला कामगार कल्याण अधिकारी म्हणून मी जवळजवळ तीस वर्षं काम केलं. पहिल्या वर्षी मीही असाच तक्ता करून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. शुक्रवार मुस्लिम, रविवार ख्रिस्ती, सोमवार ते शनिवार हिंदू. त्या तक्त्यामुळे एका चांगल्या माणसाचा पगार कापला गेला. ते आधी सांगते, कारण बाकी सगळं मी तिथूनच शिकले.

टर्निंग सेक्शनला एक ख्रिस्ती कामगार होता. हात अत्यंत साफ, रिजेक्शन जवळजवळ नाहीच. सेकंड शिफ्ट असली की शुक्रवारी संध्याकाळी तो मशीन पुसून, हत्यारं कपाटात लावून निघून जायचा. गेट पास मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर तसाच. तीन वेळा झालं, सुपरवायझरनं मेमो दिला, मी सही केली आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला. माझ्या तक्त्यात ख्रिस्ती म्हणजे रविवार होता, त्यामुळे शुक्रवारचं कारण मला बहाणाच वाटलं. चौथ्या वेळी तो माझ्यापुढे येऊन बसला. खिशातून त्यानं घडी घातलेलं एक कार्ड काढलं. त्यावर वर्षभरातल्या प्रत्येक शुक्रवारची सूर्यास्ताची वेळ छापलेली होती. डिसेंबरातल्या ओळींवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, आता सहाच्या आत सूर्य मावळतो. उन्हाळ्यात सव्वासातपर्यंत मी थांबतो, तेव्हा कुणी विचारत नाही."

तो सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा होता. हा प्रोटेस्टंट पंथ १८६३ मध्ये अमेरिकेत संघटित झाला. पुण्याचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ, पूर्वीचं स्पायसर महाविद्यालय, याच पंथाचं. ही मंडळी बायबलमधला सातवा दिवस, म्हणजे शनिवारच शब्बाथ मानतात, आणि तो शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. त्या वेळात पोटापाण्याचं काम करायचं नाही. आता गंमत बघा, कारखान्याची सुट्टी शनिवारीच असल्यानं त्याचा नव्वद टक्के प्रश्न आधीच सुटलेला होता. अडत होते फक्त सेकंड शिफ्टच्या शुक्रवारचे ते शेवटचे पाच तास. त्याला शुक्रवारपुरती कायम फर्स्ट शिफ्ट दिली आणि विषय संपला. वर रविवारी कुणी यायला तयार नसायचं, तेव्हा तो आनंदानं यायचा. कापलेला पगार पुढच्या महिन्यात परत केला, पण मेमो त्याच्या फाइलमधून काढून टाकायला मला दोन वर्षं लागली, याची टोचणी अजून आहे.

तेव्हापासून मी "तुमचा वार कोणता?" असं विचारणं बंद केलं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारते. तुम्हाला पूर्ण दिवस काम वर्ज्य आहे का? की ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी हजर राहायचं आहे? की काम करायला हरकत नाही, फक्त खाण्यापिण्याचे नियम आहेत? रजा, वेळ, ताट. "धर्माचा वार" या एका शब्दात आपण या तिन्ही गोष्टी कोंबतो. कारखान्याच्या दृष्टीनं मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत. रजेला बदली माणूस लागतो, वेळेला तासभराची सोय लागते आणि ताटाला कॅन्टीनवाल्याशी बोलावं लागतं. बहुतेकांची मागणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारची असते, आणि आपण घाबरतो ती पहिली समजून.

पूर्ण दिवस काम वर्ज्य, ही कल्पना सर्वांत काटेकोर ज्यू धर्मात आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. या काळात न करायच्या कामांचे ३९ प्रकार त्यांच्या धर्मशास्त्रानं मोजून ठेवलेत. विस्तव पेटवणं त्यात येतं, लिहिणं येतं, शिवणं येतं. हे फार दूरचं वाटेल, पण आपल्या कोकणात हे शतकानुशतकं पाळलं गेलंय. अलिबागकडचे बेने इस्राएल तेलघाणी चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना "शनिवार तेली" म्हणत. मराठी बोलणारे, आडनावाला गावाचं नाव लावणारे हे लोक धर्मग्रंथापासून तुटले होते, कित्येक गोष्टी विसरले होते, पण शनिवारचा घाणा त्यांनी फिरवला नाही. दिवस पाळणं माणसात किती खोल रुजतं, ते मला या एका नावात दिसतं.

शब्बाथच्या आज्ञेत एक ओळ आहे : त्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या चाकरानं करू नये, आणि तुझ्या गुराढोरांनीही करू नये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझं गाव आठवलं. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या घरी सोमवारी बैल जुंपत नसत. सोमवार महादेवाचा, बैल महादेवाचं वाहन. माणसं त्या दिवशी निंदणी-खुरपणी करत, बांधावरची कामं करत, पण औत सुटलेलं. आजोबा सोमवारी बैलांना ओढ्यावर नेऊन घासून धूत आणि संध्याकाळी शिंगांना तेल लावत. हिंदूंमध्ये साप्ताहिक विश्रांतीचा दिवस नाही असं सर्रास म्हटलं जातं. आमच्याकडे तो होता, बैलांसाठी होता. तुमच्याकडे खेड्यावरून येणारे कामगार असतील आणि घरी बैलजोडी असेल, तर त्यांचा सोमवार असा काही असू शकतो. विचारून बघा.

आता शुक्रवार, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. जुम्मा हा विश्रांतीचा दिवस नाही, हे आधी सुपरवायझरला समजावून सांगा. कुराणातल्या बासष्टाव्या सूरेचं नावच अल्-जुमुआ आहे. तिथे सांगितलंय की शुक्रवारच्या नमाजाची हाक आली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज झाला की पृथ्वीवर पांगा आणि अल्लाहच्या कृपेचा शोध घ्या, म्हणजे पुन्हा कामाला लागा. सुट्टी नव्हे, तर कामाच्या मधोमध एकत्र जमणं, हा त्याचा गाभा. रोजचा दुपारचा नमाज एकट्यानं, मशीनशेजारी चटई टाकूनही होतो. जुम्म्याचा मात्र जमातीनंच, म्हणजे सगळ्यांनी एकत्र जमूनच होतो. आधी खुतबा म्हणजे प्रवचन, मग दोन रकात म्हणजे नमाजाची दोन आवर्तनं. म्हणून "इथेच पढून घ्या की" हे आपलं उत्तर शुक्रवारी लागू पडत नाही. बायकांवर जुम्म्याला मशिदीत जाण्याचं बंधन नाही, तेव्हा महिला कामगारांची मागणी बहुधा येणार नाही. आली तर ऐकून घ्या.

वेळेचं गणित असं. दुपारच्या नमाजाची वेळ सूर्य माथ्यावरून कलल्यावर सुरू होते. नाशिकला सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो घड्याळी बाराला नव्हे. आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२:१८ ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२:४९ ला. त्यामुळे मशिदी जमातीची वेळ साधारण एक ते दोनच्या दरम्यान ठेवतात, आणि प्रत्येक मशिदीची वेळ वेगळी असते. याचाच तर उपयोग करायचा! आमच्याकडे तीस-बत्तीस जण होते. एका शुक्रवारी त्यांच्यातल्याच दोन ज्येष्ठांना घेऊन बसले आणि जवळच्या तीन मशिदींच्या वेळा कागदावर लिहून काढल्या. पहिली तुकडी लवकरच्या जमातीला जाणार, दुसरी उशिराच्या. पहिली परत आल्याशिवाय दुसरी निघणार नाही. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी त्यातच धरली आणि वरची वीस-पंचवीस मिनिटं शिफ्ट सुटल्यावर भरून द्यायची. लाइन एकदाही थांबली नाही. तुकड्या त्यांनी स्वतःच पाडल्या होत्या, मी पाडल्या असत्या तर महिन्यात मोडल्या असत्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. शुक्रवारी एक ते अडीच या वेळात सुरक्षा प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, ऑडिटच्या मुलाखती लावू नका. आपल्या डोक्यात जेवणानंतरची वेळ मोकळी असते म्हणून सगळं तिथेच पडतं. दुसरं, रमजानचा शेवटचा शुक्रवार. त्याला जुमातुल विदा म्हणतात आणि वर्षभर न जाणारेही त्या दिवशी जातात. तेव्हा दोन तुकड्यांचं गणित कोलमडतं, म्हणून पंधरा दिवस आधी बोलून ठेवा.

जुन्या नाशकात बडी दर्ग्यावर मात्र गर्दी गुरुवारी संध्याकाळी दिसेल. तुम्ही म्हणाल, शुक्रवार मोठा तर गुरुवार का? कारण इस्लामी दिवस सूर्यास्ताला बदलतो. गुरुवारचा सूर्य मावळला की शुक्रवारची रात्र सुरू झाली. दर्ग्यावर त्या संध्याकाळी फुलांची चादर घेऊन येणाऱ्यांत हिंदू कुटुंबंही पुष्कळ असतात. त्यामुळे "गुरुवारी लवकर सोडा" असं म्हणणारा दत्ताचाच भक्त असेल असं समजू नका.

दिवस कधी बदलतो हा मुद्दा शिफ्ट लावणाऱ्याला फार महत्त्वाचा आहे, म्हणून इथेच सांगते. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, दिवस मध्यरात्री बदलतो. ज्यू, मुस्लिम आणि ॲडव्हेंटिस्टांचा सूर्यास्ताला. हिंदू पंचांगाचा वार सूर्योदयाला. म्हणजे तुमची थर्ड शिफ्ट, रात्री अकरा ते सकाळी सात, प्रत्येकासाठी वेगवेगळ्या वारी येते. मस्टरवर शनिवारचे पहाटेचे चार वाजलेले असतात, तेव्हा आपल्या आजीच्या हिशेबानं अजून शुक्रवारच चालू असतो. माणूस "माझा शुक्रवार" म्हणतो तेव्हा त्याचा शुक्रवार कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे विचारल्याशिवाय कागदावर काही लिहू नका.

रविवारची गोष्ट मला जवळची आहे, कारण आपली सगळी साप्ताहिक सुट्टीच तिथून आली. येशूचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं म्हणून ख्रिस्ती लोक रविवारी जमू लागले. इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवारी शहरातले व्यवहार बंद ठेवण्याचा हुकूम काढला, पण शेतकऱ्यांना त्यातून मोकळीक दिली, कारण पेरणीचा दिवस हातचा गेला तर वर्ष जातं. मुंबईच्या गिरण्यांत मात्र रविवारी इंग्रज साहेब चर्चला जायचा आणि आपला माणूस साच्यावर उभा असायचा. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेऊन आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी मांडली. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असा मुद्दा त्यांनी त्यासाठी पुढे केल्याचं कामगार चळवळीत आजही सांगतात. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. चर्चचा रविवार साहेबाला पटत होताच, जेजुरीचा रविवार कामगाराला आपला वाटत होता. दोघांचे रविवार वेगळे, पण सुट्टी एक. मालेगावजवळच्या चंदनपुरीला, खंडोबाच्या बाणाईच्या गावी, रविवारी भंडारा उधळणाऱ्या माणसाला ही सुट्टी परकी कधी वाटलीच नाही.

याच रविवारशी नाशिकचा आणखी एक धागा आहे आणि तो मी पंचांग घेऊन स्वतः पडताळून पाहिला. काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३०, रविवार. येवल्याला बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" ही घोषणा केली तो १३ ऑक्टोबर १९३५, रविवार. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६, तोही रविवार, त्या वर्षी विजयादशमीही होती. गिरणीतल्या, रेल्वेतल्या माणसाला रोज बुडवल्याशिवाय रविवारीच येता येतं. मला वाटतं, लोखंड्यांनी मिळवलेली ती एक दिवसाची मोकळीक नसती तर गोदाघाटावर जमलेला तो समुदाय इतका मोठा दिसला नसता.

बौद्धांच्या बाबतीत तुमचा तक्ता इथेच चुकेल. बुद्धाच्या परंपरेत वार नाही, उपोसथ आहे, म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि दोन अष्टमी. या दिवशी उपासक पंचशीलाऐवजी अष्टशील घेतात, पांढरी वस्त्रं नेसतात आणि मध्यान्हानंतर जेवत नाहीत. म्हणजे कारखान्याच्या भाषेत हा ताटाचा प्रश्न झाला. आणि आज आपल्या वस्त्यांमधल्या विहारांत सामूहिक वंदना रविवारी सकाळी होते, ती लोकांना मोकळीक त्या दिवशी असते म्हणून. तुमची सुट्टी शनिवारी असल्यानं त्यांचा रविवारही बुडतो, आणि ते बहुधा मागणार नाहीत, कारण धर्माचा अधिकृत दिवस म्हणून दाखवायला त्यांच्याकडे काही नसतं. शिखांचंही तेच. त्यांना कोणताच वार पवित्र नाही. संक्रांत म्हणजे संगरांद आणि गुरुपर्व मोठी, पण मनमाडच्या गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यापासून कुठेही बघा, दिवाणाला म्हणजे सभेला आणि लंगरला गर्दी रविवारची. न मागणाऱ्यांकडेही जाऊन विचारा, एवढंच.

ख्रिस्ती कामगारांसाठी रविवार हा वेळेचा प्रश्न आहे, दिवसाचा नव्हे. नाशकात शरणपूरची वस्ती १८५४ पासूनची, मिशनरींनी वसवलेली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेतून इंग्लंडला नेताना सोबत गेलेला जेकब वेनराइट हा इथल्याच मिशनच्या शाळेत शिकलेला. तेव्हा ख्रिस्ती रविवार नाशकाला नवा नाही. प्रोटेस्टंट मंडळींची उपासना आणि कॅथलिकांचा मिस्सा दोन्ही बहुधा सकाळी असतात, तास-दोन तासांच्या. रविवारी त्यांना सेकंड शिफ्ट दिली की झालं. फक्त दोन रविवार राखून ठेवा, झावळ्यांचा रविवार आणि ईस्टर. त्यांच्या मधला गुड फ्रायडे सार्वजनिक सुट्टीच्या यादीत असतो, पण कारखान्याच्या यादीत असेलच असं नाही, तो आत्ताच तपासा. आणि माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला मुंबईभरचे सगळ्या धर्मांचे लोक जातात, तसा एखादा तुमच्याकडेही "बुधवार" म्हणेल. त्याला हसू नका.

हिंदूंचं वारांचं गणित तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा भरभर सांगते. सोमवार महादेव, मंगळवार देवी आणि गणपती, गुरुवार दत्त, स्वामी समर्थ आणि साईबाबा, शुक्रवार देवी, शनिवार मारुती आणि शनी, रविवार खंडोबा आणि सूर्य. यात रजा जवळजवळ कुणीच मागत नाही. हा ताटाचा विषय आहे. कुणी एकवेळ जेवतं, कुणी उपवासाचंच खातं, कुणी त्या दिवशी सामिष वर्ज्य करतं. शिवाय घराण्याचा वार असतो, कुळदैवताप्रमाणे बदलणारा, म्हणून एकाच गावचे दोघे वेगवेगळे वार पाळतात.

पण हे सातही वार आपल्याकडे उशिरा आले. नाशिककरांना याचा पुरावा हाताशी आहे. पांडवलेणी चढून गौतमी बलश्रीचा लेख असलेल्या तिसऱ्या लेण्यापाशी जा. त्यात तारीख दिलीय ती अशी : राजा पुळुमावीचं १९ वं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. ऋतू आहे, पक्ष आहे, दिवस आहे, वार नाही. वाराचा स्पष्ट उल्लेख असलेला भारतातला जुन्यात जुना लेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, इ. स. ४८४ मधला, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. ग्रहांच्या होरांवरून, म्हणजे दिवसातल्या ग्रहवार तासांवरून, ठरणारा हा सात वारांचा क्रम ग्रीक-रोमन ज्योतिषाबरोबर इकडे आला आणि मुरला. त्याच्याखालचा जुना थर तिथीचा आहे आणि तोच अजून जास्त बळकट आहे. वारकऱ्याला विचारा, तो वार सांगणार नाही, एकादशी सांगेल. त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला भरते, तो कोणता वार आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. जैन मंडळींचंही तसंच, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. पारशांकडे तर आठवडाच नाही. त्यांच्या महिन्यातल्या तिसांपैकी प्रत्येक दिवसाला वेगळं नाव आहे आणि अग्यारीत गर्दी होते ती आदर रोज, बेहराम रोज अशा दिवशी. बहाई लोक दर एकोणीस दिवसांनी जमतात.

म्हणून तुमच्या भिंतीवर इंग्रजी महिन्याच्या कॅलेंडरशेजारी पंचांगाचं कॅलेंडर लटकलेलं असू द्या. वर्षाच्या सुरुवातीला लाल पेननं वार आणि तिथी जुळतात ते दिवस खुणा करा. मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी. सोमवारी अमावास्या आली की सोमवती, त्या दिवशी रामकुंडावर स्नानाला रीघ आणि खंडोबाचे लोक जेजुरीला. शनिवारी अमावास्या आली की शनी अमावास्या, तेव्हा नांदगावजवळच्या नस्तनपूरला गर्दी, ती तुमच्या सुट्टीतच जाईल. आणि नाशकातला सगळ्यात मोठा दिवस, तिसरा श्रावणी सोमवार. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी, सुमारे वीस किलोमीटर, अनवाणी. लोक निघतात रविवारी रात्रीच. पहिल्या वर्षी मी सोमवारची जनरल शिफ्ट सांभाळायची तयारी केली आणि रविवारची थर्ड शिफ्ट मोकळी पडली. नंतर त्या आठवड्याची सुट्टी मागे-पुढे करून मी सोमवारीच देऊ लागले, शनिवारी सगळे कामावर. एकाही माणसानं तक्रार केली नाही, ख्रिस्ती-मुस्लिम कामगारांनीसुद्धा, कारण त्या सोमवारी त्र्यंबक रोडला बस मिळत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं.

ताटाबद्दल दोन शब्द, कारण भांडणं तिथेच होतात. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो, म्हणजे साधारण आठ ते दहाच्या मध्ये, आणि सेकंड शिफ्टच्या जेवणाची सुट्टी असते सात-साडेसातला. आमच्या कॅन्टीनच्या मावशी त्या दिवशी चंद्रोदयाची वेळ खडूनं फळ्यावर लिहायच्या आणि तेवढी ताटं झाकून ठेवायच्या. लाइनवरून दोघं-दोघं येऊन, बाहेर जाऊन चंद्र बघून, जेवून जायचे. दहा मिनिटांचं काम. जैनांचं उलट, त्यांतले कित्येक सूर्यास्ताआधी जेवतात, त्यांना सहाच्या आत ताट द्यावं लागतं. आणि उपवासाचं ताट जैनांना चालेल असं समजू नका. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा असतो, बटाटा कंदमूळ आहे. अंडाकरी बुधवारी ठेवा, त्या दिवशी वर्ज्य असणारे सर्वांत कमी निघतात. पण श्रावणात बुधवारीही वेगळ्या पातेल्याची, वेगळ्या डावाची सोय हवी. भांडी वेगळी आहेत हे नुसतं सांगू नका, लोकांना दिसू द्या.

आता सुपरवायझरचं म्हणणं, एकाला दिलं की सगळे मागतील. मागतील, आणि मागू द्या. आमची पिढी १९४८ च्या कारखाने अधिनियमावर शिकली. त्याच्या ५२ व्या कलमात साप्ताहिक सुट्टी रविवारी धरली होती, पण आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांपैकी एका दिवशी ती देता येत होती, अट इतकीच की सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम पडू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षेची आणि कामाच्या परिस्थितीची नवी संहिता लागू झाली, तिच्यातही आठवड्याला सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही आणि बुडालेली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून द्यायची, हे कायम आहे. म्हणजे सुट्टी सरकवायला कायद्यानं जागा ठेवलीय. ती कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. फक्त नोटीस लेखी काढा, बोर्डावर मराठी आणि हिंदीत लावा आणि सी-ऑफचं, म्हणजे बदली सुट्टीचं, रजिस्टर रोजच्या रोज भरा.

अर्ज तयार करताना त्यात धर्माचा रकाना ठेवू नका. आडनावावरून तर काहीच ठरवू नका. आमच्या शुक्रवारच्या तुकडीत नाव नसलेले मुस्लिम कामगार चार-पाच होते. त्यांना जायचं नव्हतं आणि का नाही हे विचारायचा मला अधिकार नव्हता. अर्जात तीनच ओळी ठेवा. कोणत्या दिवशी काम अजिबात नको, कोणत्या दिवशी किती ते किती वेळ हवा, कोणत्या दिवशी काय खात नाही. खाली सही. कारण लिहायची जागा नको. वर्षातून एकदा, श्रावणाच्या आधी, हा अर्ज पुन्हा भरून घ्या, कारण माणसं नवीन व्रत घेतात, जुनी सोडतात, लग्न होऊन दुसऱ्या घराचे वार सांभाळू लागतात.

तीनशे अर्ज आले की तीन गठ्ठे करा. पहिला गठ्ठा हातात मावेल इतकाच निघेल, माझ्याकडे तो कधी दहाच्या वर गेला नाही. त्यांच्यासाठी शिफ्टची कायम अदलाबदल शोधा, आणि ती करताना शनिवार न चालणारा आणि रविवार न चालणारा यांना समोरासमोर बसवा, ते एकमेकांची जोडी असतात. दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांना सांगा की तुमच्या तुकड्या तुम्हीच पाडा. तिसरा गठ्ठा घेऊन कॅन्टीनमध्ये जा. सुरुवात या तिसऱ्यापासून करा, लगेच उद्या. तो सर्वांत मोठा असतो आणि त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नसते.